टिलरच्या हँडलवरची सुतळी आधी सोडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोहिणी लागली. मृगाच्या तोंडावर कोकणातल्या मांगरांतून (शेतघरांतून) आणि पडव्यांतून पॉवर टिलर, पॉवर वीडर ही माती खणणारी यंत्रे बाहेर निघू लागली आहेत. ज्या घरी जोत होते तिथे आता पाच-सात अश्वशक्तीचे पेट्रोल मशीन उभे असते, आणि ज्याच्याकडे स्वतःचे नाही तो अवजार बँकेतून नाहीतर शेजाऱ्याकडून तासावर आणतो. बैल सांभाळणे परवडत नाही, जोताला माणूस मिळत नाही, तेव्हा यंत्र आले हे बरेच झाले. पण यांतल्या कितीतरी मशीनांच्या हँडलवर एक गोष्ट दिसते. क्लचचा दांडा दाबून धरण्याऐवजी त्याला सुतळीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने करकचून बांधलेले असते. हे पत्र मुख्यतः त्या सुतळीविषयी आहे.

छोट्या वीडरवर तो दांडा दाबलेला असेल तोवरच रोटर (माती खणणाऱ्या पात्यांचा फिरता भाग) फिरतो, हात सुटला की थांबतो. ही सोय कारखान्याने हौसेने दिलेली नाही. माणूस चिखलात घसरला, बांधावरून पाय निसटला, की पहिल्यांदा सुटतो तो हात. त्या क्षणी रोटर थांबला तर माणूस फक्त चिखलाने माखून उठतो. दांडा बांधलेला असेल तर मशीन तशीच चालत राहते, आणि पडलेल्या माणसाचे पाय पात्यांपासून हातभर अंतरावर असतात.

लोक दांडा का बांधतात, हेही समजून घ्यायला हवे. आळस हे कारण थोडेच असते. खरे कारण बहुतेक वेळा क्लचची वायर असते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ही वायर आवरणाच्या आत गंजते, दांडा जड होतो, अर्ध्या तासात बोटे वळतात आणि मग सुतळी येते. गंजलेली वायर दुसऱ्या बाजूनेही दगा देते. दांडा सोडला तरी ती मागे सरकत नाही आणि रोटर फिरतच राहतो. म्हणून नुसती सुतळी सोडून भागत नाही, वायरही मोकळी करा. वरचे टोक मोकळे करून आवरणाच्या तोंडाशी पातळ तेलाचे थेंब सोडत राहा आणि खालून तेल बाहेर येईपर्यंत वायर मागेपुढे हलवा. एखादी तार जरी तुटून बाहेर आलेली दिसली तरी वायर बदला. पूर्ण मशीनच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. नवी वायर लावताना दांड्याला सुरुवातीची पाच-सहा मिलिमीटर ढिलाई ठेवा. वायर ताठ लावली तर दांडा सोडूनही इंजिनाची ताकद रोटरला देणारा पट्टा पुरता सुटत नाही, फार सैल ठेवली तर पट्टा घसरतो, जळका वास येतो आणि लोक समजतात की मशीनमध्ये दम नाही.

रोज सकाळी काम सुरू करताना एक चाचणी करावी. मऊ जमिनीत रोटर चालू करून दांडा एकदम सोडायचा. पाती तिथल्या तिथे थांबली पाहिजेत. रेंगाळत फिरत राहिली तर त्या दिवशी मशीन शेतात न्यायची नाही.

दुसरा धोका रिव्हर्सचा. छोट्या वीडरमध्ये रोटर हेच चाक असते, त्यामुळे रिव्हर्स टाकला की पाती उलटी फिरत चालवणाऱ्याच्या पायांकडे येतात. मागे गडगा (दगडी बांध) असेल किंवा माडाचे खोड असेल तर माणूस हँडल आणि खोड यांच्या मध्ये सापडतो. आपल्याकडचे कुणगे (भाताचे वाफे) लहान, चार पावलांवर बांध, म्हणून रिव्हर्सचा मोह फार होतो. शक्यतो दांडा सोडून, हँडल उचलून, पुढच्या वाहतुकीच्या चाकावर मशीन हाताने फिरवावी. रिव्हर्स टाकायचाच असेल तर आधी वळून मागे पाहायचे, रेस अगदी कमी करायची आणि दांडा हळू दाबायचा. झटक्यात दाबला तर मशीनचे नाक खाली जाते आणि हँडल वर उसळून छातीला किंवा हनुवटीला बसते. बारा-पंधरा अश्वशक्तीच्या डिझेल टिलरमध्ये रोटरचा वेगळा गिअर असतो, तो काढल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये. काही मशीनांत दोन्ही एका वेळी पडू नयेत म्हणून लॉक असते. ते लॉक काढून देणारे 'कारागीर'ही गावोगावी आहेत. त्यांना नम्रपणे नकार द्यावा.

आता जमिनीकडे. जांभ्याची वरकस (उताराची, हलकी) जमीन उन्हाने भाजून दगडासारखी झालेली असते. पहिली सर पडण्याआधी तिच्यावर वीडर घातला तर पाती जमिनीत घुसत नाहीत, वरच्यावर चाकासारखी पळतात आणि मशीन माणसाला ओढत नेते. लोक मग अंगाचा भार देऊन हँडल दाबतात, रेस वाढवतात, आणि पुढच्या दगडावर मशीन फूटभर उडी मारते. जोर लावून हे सुटत नाही. त्यासाठी मागे जमिनीत घुसणारा लोखंडी दांडा दिलेला असतो, ज्याला भोके पाडलेली असतात. तो जितका खाली, तितकी मशीन सावकाश चालते आणि खोल जाते. वर घेतला तर ती पळते आणि वरच्यावर खरवडते. कठीण जमिनीत पहिली फेरी कमी रेसवर, दोन-तीन इंचांची. दुसरी फेरी पहिलीला आडवी, दांडा एक भोक खाली घेऊन. एकाच फेरीत सहा इंच खोल जायची घाई केली की पिन तुटते, नाहीतर मनगट दुखावते. मशीन एका जागी खड्डा करत बसली तर हँडल किंचित डावी-उजवीकडे हलवा किंवा दांडा एक भोक वर घ्या, पुढून कोणाला ओढायला लावू नका. वीडरला पुढे दोर बांधून सोबत्याने ओढायचा प्रकार सर्रास दिसतो. दगडावरून मशीन उसळली की ती सरळ त्याच्या टाचेवर जाते.

ओलावा पाहण्याची जुनी रीत आजही पुरेशी आहे. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरली तर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आहे. लोण्यासारखी चपटली तर एक-दोन दिवस थांबा, कारण तशा मातीत पाती लिंपून निघतात आणि सुकल्यावर ढेकळे विटेसारखी होतात. गोळाच झाला नाही तर पावसाची वाट पाहा.

पात्यांकडे आपण फार दुर्लक्ष करतो. पाती डावी आणि उजवी अशी वेगळी असतात. मशीन पुढे जाताना जमिनीला आधी धारेची कड लागली पाहिजे. साफ करायला काढलेला रोटर परत बसवताना डावा उजवीकडे गेला की पात्याची पाठ जमिनीवर आपटते. माती कापली जाण्याऐवजी ठोकली जाते, मशीन थरथरते, पेट्रोल दुप्पट जाते आणि 'यंदा इंजिन उतरले' असा निष्कर्ष निघतो. डिझेल टिलरच्या दोन्ही टोकांची पाती आतल्या बाजूला वळलेली बसवावीत, म्हणजे बांध खणला जात नाही. नवी पाती बसवल्यावर तासाभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळा, स्प्रिंग वॉशर विसरू नका. जांभ्याचे खडे पाती झपाट्याने खातात. पाते मूळ रुंदीच्या अर्ध्यावर आले की ते बदला, आणि दोन्ही बाजूंची एकदम बदला. एकीकडे नवी आणि एकीकडे झिजलेली असली तर मशीन सतत एका बाजूला ओढते. रोटर दांड्याला अडकवणारी पिन आणि तिची क्लिप हरवली म्हणून खिळा किंवा तार घालणे तर पूर्ण वर्ज्य. तो खिळा वाकून बाहेर आला की पँटचा पाय सगळ्यात आधी त्यालाच अडकतो.

डिझेल टिलर चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण कोकणात सपाट रस्ता म्हणजे दुर्मीळ वस्तू. हँडलच्या दोन्ही मुठींखाली वळण्याचे क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते आणि टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र उलटे होते. तिथे इंजिनच चाकांना रोखून धरत असते. डावा क्लच दाबला की डावे चाक त्या पकडीतून सुटते, उजव्यापेक्षा वेगाने गडगडते, आणि टिलर उजवीकडे वळतो. घाटीच्या वाटेवर दरी उजवीकडे असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणून उतारावर हे क्लच दाबूच नयेत. पहिल्या गिअरात, हँडल अंगाने ढकलून, थोडे थोडे वळवावे, आणि उतारावर गिअर न्यूट्रल करू नये. डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रलमध्ये टिलर सोडणारे आहेत. ती बचत फार महागात पडते.

बांध ओलांडतानाही हेच. रोटर बंद, सगळ्यात खालचा गिअर, आणि बांधाला काटकोनात. तिरपे गेले की एक चाक वर, एक खाली, आणि टिलर आडवा. बांध फूटभराहून उंच असेल तर दोन्ही बाजूंना फळ्या लावा. टेम्पोत चढवताना फळीची लांबी टेम्पोच्या उंचीच्या निदान चौपट हवी, म्हणजे तीन फुटांच्या फाळक्याला बारा फूट. फळ्या वरच्या टोकाला टेम्पोला बांधून ठेवा, ओल्या फळीवर पोते टाका आणि फळीवर असताना वळण्याचा क्लच विसरून जा. 'धरतो जरा' म्हणून बाजूला किंवा खाली कोणी उभे राहू नये. घसरत्या टिलरला माणूस धरू शकत नाही.

चिखलणीला (भातलावणीआधी शेतात चिखल करायला) मातीवर दोनेक इंच पाणी पुरते. गुडघ्याएवढे पाणी साठवून टिलर घातला तर चाके घसरतात, खालचे दगड आणि खळगे दिसत नाहीत, आणि इंजिनाच्या फिल्टरवर पाणी उडते. फार कमी पाणी असेल तर चिखल पात्यांना चिकटून गोळा होतो. रबरी चाकांऐवजी लोखंडी चाके लावली नाहीत तर टिलर एका जागी रुतून बसतो. रुतला की रेस वाढवून तो बाहेर येत नाही, आणखी खाली जातो. रोटर थांबवून, चाकांपुढे फळी किंवा झावळीचे दांडे घालून, कमी रेसवर काढा. चिखलणी चार-सहा इंचांपेक्षा खोल करू नका. आपल्या जमिनीत वरचा काळसर थर पातळ असतो, खालचा तांबडा मुरूम वर आणून तरवा (भाताची रोपे) रोवण्यात काही अर्थ नाही. गडग्याच्या कडेचा हातभर पट्टा कुदळीने करावा. पावसात फुगलेला गडगा टिलरच्या थरथरीने ढासळू शकतो, आणि उतरत्या बाजूचा गडगा टिलरसकट खालच्या कुणग्यात जातो.

पायांत काय घालावे हा वादाचा विषय आहे. पुस्तकात गमबूट लिहिलेले असतात. पण सैल गमबूट चिखल धरून ठेवतो, पाय निघतो आणि बूट तिथेच राहतो. तो माणूस अनवाणी माणसापेक्षा लवकर पडतो. मापाचा, पोटरीला घट्ट बसणारा बूट घ्या, वरचे तोंड पट्टीने बांधा. लुंगी नको, लोंबता टॉवेल नको. पावसासाठी डोक्यावरून घेतलेली प्लॅस्टिकची खोळ तर मुळीच नको, वाऱ्याने तिचे टोक रोटरमध्ये गेले की ती माणसालाच आत ओढते. साधा, अंगाला बसणारा रेनकोट, बाह्या आत खोचून. टिलरमागे बगळे येतात आणि बगळ्यांमागे पोरे, खेकडे-मासे शोधत. त्यांना निदान पंचवीस फूट लांब ठेवा. मशीनच्या आवाजात मागून आलेले पोर ऐकू येत नाही. कानांत बोळे घालावेत, आणि अर्ध्या-पाऊण तासाने चालवणारा बदलावा. मशीन सोडल्यावरही बोटांत मुंग्या राहत असतील तर त्या दिवशीचे काम थांबवा.

आता रोटरला गुंडाळी बसते त्याविषयी, कारण बोटे जातात ती इथे. हिरवे गवत, वेल, काथ्या आणि किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक वस्तू: भाजीच्या वाफ्यांना कुंपण म्हणून लावलेल्या जुन्या मासेमारी जाळ्यांचे तुकडे. नायलॉनचा धागा रोटरच्या दांड्यावर गुंडाळत ऑईल सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) आत शिरतो, सील कापतो आणि गिअरबॉक्सचे तेल शेतात जाते. तेल गेल्याचे दिसत नाही. गिअरबॉक्स ओरडू लागतो तेव्हा कळते. गुंडाळी काढायची तर इंजिन बंद. नुसता क्लचचा दांडा सोडून नव्हे, बंद. मग प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, डिझेल असेल तर इंधन तोडून इंजिन पूर्ण थांबू द्या. जाड हातमोजा घाला आणि विळ्याने गुंडाळी दांड्याच्या लांबीला समांतर चिरा. रिव्हर्स टाकून ती उलगडू पाहू नका. पात्यांत दगड अडकला असेल तर हाताने ओढू नका. रोटरचा दांडा ताणात असतो, दगड सुटला की पाती झटक्यात फिरतात. पहारीने उचका. रान माजलेले असेल तर आधी कापून बाहेर काढा, मग वीडर घाला. हा अर्धा दिवस वाया जात नाही.

माड-पोफळीच्या आगरात वेगळी काळजी हवी. माडाची बरीच मुळे खोडापासून सहा-सात फुटांत असतात, तेवढ्या आळ्यात रोटर नको. पोफळीची मुळे तर अगदी वरवर असतात, तिथे कुदळच बरी. हापूसच्या झाडाखालीही फांद्यांच्या घेराच्या आत खोल खणू नये. मशीन नेण्याआधी पायी फिरून ठिबकच्या नळ्या, खांबांच्या ताणाच्या तारा आणि विहिरीच्या पंपाची केबल कुठून गेली आहे ते पाहा. वीतभर मातीखाली पुरलेली केबल रोटरला सहज लागते, आणि ओल्या जमिनीत, लोखंडी हँडल हातात धरून ती लागावी यापरते वाईट नाही. पंपाचा मुख्य स्विच बंद करूनच काम सुरू करावे.

इंजिनाविषयी थोडक्यात. छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण ६०० मिलिलिटर तेल बसते. ते मशीन सपाटीवर ठेवून पाहावे. पहिल्या २० तासांनी बदला, नंतर दर १०० तासांनी. चिखलणीच्या दिवसांत गिअरबॉक्सचे तेल रोज पाहा. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले, सील बदलल्याखेरीज पुढे चालवू नका. उन्हाळ्याच्या तांबड्या धुळीत फिल्टर रोज साफ करा. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका, दहा-पंधरा मिनिटे थांबा. मांगराचे दार लावून मशीन सुरू करू नका, धूर जीवघेणा असतो. हँडल मारून सुरू होणाऱ्या डिझेल टिलरवर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत वेढून नको. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो.

आजकाल पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढते. लावणी झाली की टाकीत पेट्रोल ठेवून मशीन कोपऱ्यात लोटली, तर पुढच्या मृगाला कार्ब्युरेटर चिकटलेलाच मिळणार. टाकी रिकामी करा, मग कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून उरलेले पेट्रोल सोडा. खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) चाललेली मशीन गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, पात्यांना जुने तेल फासा, आणि क्लचच्या वायरीत पुन्हा तेल सोडा. वायर गंजते ती बहुधा या रिकाम्या महिन्यांतच.

इतके करूनही जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात-पाय वर ठेवा आणि १०८ ला फोन करा. हळद, तंबाखू, माती काही लावू नका. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा, बोट थेट बर्फात टाकू नका. पाय पात्यांत अडकला तर इंजिन बंद करा, प्लग काढा, रोटरची पिन किंवा पात्यांचे बोल्ट सोडवून पाय मोकळा करा. इंजिन सुरू करून उलटे फिरवणे म्हणजे दुसरी जखम. धनुर्वाताचे इंजेक्शन त्याच दिवशी घ्या. शेतातले पाणी लागलेली जखम असेल आणि पुढे ताप आला, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका डॉक्टरांना आपणहून सांगा.

जाता जाता कृषी विभागाला आणि विक्रेत्यांना दोन विनंत्या. अनुदान खात्यात जमा होते, मशीन घरी येते आणि प्रात्यक्षिक दुकानाच्या फरशीवर पाच मिनिटांत उरकते. फरशीवर मशीन कशी सुरू होते एवढेच कळते. ती घसरणाऱ्या माणसाशी कशी वागते हे चिखलातच दाखवावे लागते, आणि चालवणारी बाई असेल तर तिच्या हातात मशीन देऊन, नवऱ्याच्या नव्हे. तसेच मशीन भाड्याने देणाऱ्या प्रत्येक अवजार बँकेने देताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा, रोटर फिरवून दांडा सोडून पाहावा. परत आलेल्या मशीनवर सुतळी दिसली तर अनामतीतून नव्या वायरीचे पैसे कापावेत, आणि वायर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मशीन जाण्याआधी बदलावी.

आपला,
शेती अवजारांची दुरुस्ती करणारा एक वाचक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी